सेफ्ट्रायॲक्सोनची चाळीस वर्षे

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही नर्सिंग होममध्ये सकाळी दहाच्या सुमारास डोकावलात तर हे हमखास दिसेल. सिस्टर काचेच्या छोट्या वायलचे प्लास्टिकचे टोपण अंगठ्याने उडवते, रबरी बुचावरून स्पिरिटचा बोळा फिरवते, दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी आत सोडते आणि वायल दोन तळव्यांत धरून घुसळते. आतली पांढरट पूड विरघळून पाणी फिके पिवळे होते. ते सिरिंजमध्ये ओढून शंभर मिलिलिटरच्या सलाईनमध्ये सोडले की अर्ध्या तासात पेशंटच्या शिरेत. केसपेपरवर लिहिलेले असते ‘इंज. मोनोसेफ १ ग्रॅम’. मोनोसेफ हा एक ब्रँड. पण झेरॉक्सचे जसे सामान्यनाम झाले तसे दवाखान्यांतून याचेही झाले आहे. वायल दुसऱ्या कंपनीची असली तरी तोंडी नाव तेच. औषधाचे खरे नाव सेफ्ट्रायॲक्सोन.

१९८२ साली बाजारात आलेल्या या प्रतिजैविकाला चाळीस वर्षे उलटून गेली. ते गुणकारी आहे की नाही, यावर वाद कधीच नव्हता. वाद आहेत ते पुढचे. कुणाला द्यायचे, किती द्यायचे, किती दिवस चालू ठेवायचे, आणि जंतू जिथे त्याला जुमानत नाहीत तिथे त्याच्या जागी काय आणायचे. हे वाद आज कुठवर आले आहेत ते या लेखात पाहायचे आहे.

सार्डिनियाचे सांडपाणी

इटलीच्या सार्डिनिया बेटावर काल्यारी नावाचे बंदर आहे. तिथल्या विद्यापीठात आरोग्यशास्त्र शिकवणारे ज्युझेप्पे ब्रोत्झू यांना महायुद्ध संपता संपता एक कोडे पडले. शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते तिथले पाणी आपोआप निवळते कसे? १९४५ मध्ये त्यांनी त्या पाण्यातून एक बुरशी वेगळी काढली. तिचे नाव सेफॅलोस्पोरियम अक्रेमोनियम. तिचा अर्क टायफॉइडच्या जंतूंना मारत होता. ब्रोत्झूंनी तो रुग्णांवर वापरूनही पाहिला आणि १९४८ मध्ये आपल्याच संस्थेच्या एका पुस्तिकेत निष्कर्ष छापले. ती पुस्तिका फारशी कुणी वाचली नसतीच. पण बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरींच्या प्रयोगशाळेत पोचला आणि तिथे एडवर्ड अब्राहम व गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हे द्रव्य मिळवले.

हे द्रव्य तसे दुबळे होते. एकच गोष्ट नजरेत भरण्यासारखी होती. पेनिसिलिनचे तुकडे पाडणाऱ्या जंतूंच्या एन्झाइमला ते दाद देत नव्हते. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याच्या रेणूची रचना पक्की केली. पुढे रेणूचा गाभा सुटा करता येऊ लागला आणि त्याला दोन बाजूंनी हवी ती शेपटे जोडण्याचा उद्योग सुरू झाला. या गाभ्याला औषधनिर्मितीत ७-एसीए म्हणतात. भारतातल्या कारखान्यांसाठी तो आजही मोठ्या प्रमाणात चीनमधून येतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने कच्च्या औषधांच्या देशी उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना आखली, तेव्हा यादीत ७-एसीएचेही नाव होते.

१९६४ मध्ये सेफॅलोथिन बाजारात आले आणि मग सेफॅलोस्पोरिनांच्या पिढ्या निघत गेल्या. पिढी या शब्दाने गैरसमज फार होतो. ही मोबाइलची मॉडेल नव्हेत, की नवे ते सरस. पहिल्या पिढीतले सेफाझोलिन स्टॅफिलोकॉकसवर आजही तिसऱ्या पिढीपेक्षा जोरकस चालते, आणि ऑपरेशनच्या आधी द्यायचे इंजेक्शन म्हणून जगभरच्या मार्गदर्शिका त्याचेच नाव सुचवतात. तिसऱ्या पिढीची ताकद आतड्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर. सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम आणि आपले सेफ्ट्रायॲक्सोन हे त्या पिढीतले. सेफ्ट्रायॲक्सोन घडवले स्वित्झर्लंडच्या रॉश कंपनीने. अमेरिकेत त्याला डिसेंबर १९८४ मध्ये मान्यता मिळाली.

लांबचा मुक्काम

काम करण्याची रीत पेनिसिलिनचीच. जंतू आपल्या पेशीभोवती भिंत बांधतो. हे औषध त्या भिंतीवरच्या गवंड्यांचे हात धरून ठेवते. भिंत अर्धी राहते आणि जंतू फुटतो. गाभ्याच्या एका बाजूच्या शेपटामुळे रेणू ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या आत शिरतो आणि त्यांच्या नेहमीच्या एन्झाइमना पुरून उरतो. दुसऱ्या बाजूला ट्रायाझिनचे वलय आहे. या औषधाच्या लांबलेल्या मुक्कामाचे श्रेय त्याला दिले जाते.

हा मुक्काम समजून घेतला की पुढचे बरेच वाद आपोआप उलगडतात. सेफोटॅक्झिमची रक्तातली पातळी साधारण तासाभरात निम्मी होते. सेफ्ट्रायॲक्सोनला त्यासाठी सहा ते नऊ तास लागतात. रक्तातल्या अल्ब्युमिनला त्याचा ८५ ते ९५ टक्के भाग चिकटून राहतो आणि हळूहळू सुटतो. शरीराबाहेर पडायला त्याला दोन दारे आहेत. निम्म्याच्या आसपास लघवीवाटे जाते, उरलेले पित्तावाटे आतड्यात उतरते. एक दार बंद झाले तर दुसरे उघडे असते, त्यामुळे नुसती किडनी किंवा नुसते यकृत बिघडलेल्या रुग्णात नेहमीचा डोस सहसा कमी करावा लागत नाही. तोंडाने घेतले तर ते पचनमार्गातून शोषले जात नाही, म्हणून इंजेक्शनाला पर्याय नाही. पण तेही बहुतेक आजारांत दिवसातून एकदा पुरते.

दिवसातून एकदा, याची किंमत ज्याने वॉर्डात रात्रपाळी केली आहे त्याला विचारावी. तीस खाटांना एक सिस्टर असेल, तर सहा-सहा तासांनी द्यायची औषधे आणि सकाळी एकदाच द्यायचे औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रुग्ण घरी जाऊन रोज सकाळी दवाखान्यात इंजेक्शन घेऊन परत जाऊ शकतो. फ्रान्समध्ये शीर न सापडणाऱ्या वृद्धांना ते कातडीखालीही देतात. मेंदूच्या आवरणांना सूज असली तर ते मेंदूभोवतीच्या पाण्यातही पुरेसे उतरते. त्यात पेटंट कधीच संपलेले, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत नाव, किमतीवर सरकारी मर्यादा. एक ग्रॅमची वायल शंभराच्या नोटेत येते. इतके गुण एका वायलमध्ये आल्यावर डॉक्टरांचा हात पहिल्यांदा तिच्याकडेच गेला तर नवल नाही.

त्याच्या हद्दीही स्पष्ट आहेत, आणि त्या वारंवार विसरल्या जातात. स्यूडोमोनास, लिस्टेरिया, एमआरएसए आणि ओरिएन्शिया यांवर ते चालत नाही. यातला ओरिएन्शिया हा स्क्रब टायफसचा जंतू. मायकोप्लाझ्मासारख्या भिंतच नसलेल्या जंतूंवर तर चालणे शक्यच नाही. एंटेरोकॉकसवर ते एकटे निष्प्रभ. गंमत अशी, की त्याच एंटेरोकॉकसने हृदयाच्या झडपेत घर केले असेल, तर अँपिसिलिनच्या जोडीला सेफ्ट्रायॲक्सोन देणे हा आज मान्य झालेला उपचार आहे. दोघे मिळून भिंतीच्या वेगवेगळ्या गवंड्यांना पकडतात. एकट्याने न होणारे काम जोडीने होते.

जिथे फारसे दुमत नाही

जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये सेफ्ट्रायॲक्सोनचे स्थान पक्के आहे. प्रौढांना दोन ग्रॅम दर बारा तासांनी. २००३ मध्ये नायजर देशात मेनिंगोकॉकसची साथ आली असताना तेलातल्या क्लोरॅम्फेनिकॉलशी त्याची तुलना झाली आणि स्नायूत दिलेले एकच इंजेक्शन तितकेच गुणकारी ठरले. जिथे डॉक्टर एकदा भेटला तर पुन्हा भेटेलच याची खात्री नाही, तिथे या निष्कर्षाचे मोल फार. २०११ मध्ये बांगलादेश, इजिप्त, मलावी, पाकिस्तान आणि व्हिएतनाममधल्या मुलांवरचा अभ्यास आला. पाचव्या दिवशी प्रकृती स्थिर असलेल्या मुलांत पाच दिवस आणि दहा दिवस यांत फरक दिसला नाही.

इस्पितळात दाखल करावा लागणारा न्यूमोनिया, यकृताच्या रुग्णाच्या पोटातल्या पाण्याचा संसर्ग, किडनीपर्यंत चढलेला मूत्रसंसर्ग यांतही ते नेहमीचे. आपल्याकडे कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस डोके काढतो. गंभीर लेप्टोमध्ये सेफ्ट्रायॲक्सोन पेनिसिलिनच्या तोडीचे आहे, असे थायलंडमधल्या तुलनेत दिसले आहे. तापाचा तोच मोसम मलेरिया, डेंगी आणि स्क्रब टायफसचाही. पहिल्या दिवशी कुठला ताप कुठला ते कळत नाही. म्हणून जिथे स्क्रब टायफस आढळतो तिथले डॉक्टर सेफ्ट्रायॲक्सोनच्या जोडीला डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. चौथ्या दिवशीही ताप हटला नाही, तर पहिला संशय निदानावर घ्यावा.

गनोरियात तर ते शेवटच्या भरवशाच्या औषधांपैकी एक आहे. सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही सगळी एकेक करून निकामी झाली. २०११ मध्ये जपानच्या क्योतो शहरातल्या, सेफ्ट्रायॲक्सोनलाही न जुमानणाऱ्या जंतूचे वर्णन प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये एका रुग्णाला सेफ्ट्रायॲक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही लागू पडली नाहीत. त्याच सुमारास ब्रिटनच्या मार्गदर्शिकेने डोस एक ग्रॅम केला. अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये २५० मिलिग्रॅमवरून ५०० वर नेला. एकाच आजाराला दोन देशांत दोन डोस, आणि दोघांचीही कारणे पटण्यासारखी. गेपोटिडासिन हे तोंडाने घ्यायचे नवे औषध तुलनेत बरोबरीचे ठरले आहे, त्यामुळे इथला भार थोडा हलका होईल अशी आशा आहे.

टायफॉइड

भारतापुरता सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न हाच. ब्रोत्झूंना टायफॉइडवर औषध हवे होते. त्यांच्या बुरशीच्या वंशजाकडे तो आजार सोपवला गेला तो मात्र बाकीची औषधे हरल्यावर. क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ पासून हुकमी चाले. १९७२ मध्ये केरळात कालिकतला त्याला दाद न देणाऱ्या जंतूची साथ आली. १९९० च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्झाझोल या तिन्हींना न जुमानणारे जंतू देशभर पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सासिनची दहा-पंधरा वर्षे आली आणि गेली. आज भारतातले टायफॉइडचे जवळपास सगळे जंतू सिप्रोला पुरते वश नाहीत. उरली सेफ्ट्रायॲक्सोन, त्याच कुळातले तोंडाने घ्यायचे सेफिक्झिम, आणि ॲझिथ्रोमायसिन.

सेफ्ट्रायॲक्सोन सुरू केल्यावर टायफॉइडचा ताप लगेच उतरत नाही. पाच ते सात दिवस लागतात, आणि त्या दिवसांत नातेवाइकांचा धीर सुटतो, कधी डॉक्टरांचाही. कारण साधे आहे. टायफॉइडचा जंतू आपल्या पेशींच्या आत दडून बसतो आणि सेफ्ट्रायॲक्सोन पेशींच्या आत फारसे शिरत नाही. ॲझिथ्रोमायसिन शिरते. म्हणून दोन्ही जोडीने द्यावीत असे एक मत आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की उरलेली दोन्ही औषधे एकाच वेळी खर्ची घातली तर पुढे हाती काय राहणार? बांगलादेशात ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणारे टायफॉइडचे जंतू सापडलेले असल्याने हा आक्षेप पोकळ म्हणता येत नाही. निकाल अजून लागलेला नाही.

सेफ्ट्रायॲक्सोन निकामी झाले तर काय होते, हे शेजारी दिसले. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातल्या हैदराबादेत टायफॉइडची साथ सुरू झाली. तिथल्या जंतूने एक जास्तीचे प्लास्मिड मिळवले होते आणि त्यावर सेफ्ट्रायॲक्सोन फोडणाऱ्या एन्झाइमचा जीन होता. हाताशी राहिली ॲझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेमसारखी महागडी कार्बापेनेम. पाकिस्तानने उत्तर शोधले ते लसीत, आणि २०१९ मध्ये टायफॉइडची संयुग्मी लस नियमित लसीकरणात आणणारा तो पहिला देश ठरला. लस हैदराबादचीच, मात्र आपल्या हैदराबादची, भारत बायोटेकची. नवी मुंबई महापालिकेने त्याच्या वर्षभर आधी, २०१८ मध्ये, हीच लस मोहीम काढून लाखाहून अधिक मुलांना दिली होती.

भारतात टायफॉइडचे बहुतेक जंतू आजही सेफ्ट्रायॲक्सोनला वश आहेत. पण ‘बहुतेक’ या शब्दावर विसंबून राहू नये असे पुरावे येऊ लागले आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात, तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांना न जुमानणारे टायफॉइडचे जंतू मुंबईत फिरत असल्याचे दाखवले गेले. त्यांचे एन्झाइम सिंधमधल्या साथीतल्यापेक्षा वेगळे होते. म्हणजे हे पाहुणे सीमेपलीकडून आलेले नव्हते, इथलेच होते.

दुसऱ्या बाजूला एक वेगळीच घडामोड चालू आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि कोट्रायमॉक्झाझोल वर्षानुवर्षे टायफॉइडसाठी वापरली गेली नाहीत, आणि भारतातले बरेचसे जंतू पुन्हा त्यांना वश झालेले दिसतात. जुनी औषधे पुन्हा काढावीत का? बाजूने बोलणारे म्हणतात, कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून केलेल्या तपासणीत, चालतात असे दिसले तर वापरायला काय हरकत. विरोधकांना भीती वाटते, की सरसकट वापर सुरू झाला तर दोन-चार वर्षांत चक्र पुन्हा तिथेच येईल. माझ्या मते अडचण त्याच्याही आधीची आहे. आपल्याकडे टायफॉइडचे निदान कल्चरवर कमी आणि विडाल चाचणीवर जास्त होते, आणि एकदाच केलेली विडाल फार भरवशाची नाही. ज्या आजाराचे नावच पक्के नाही, त्याला कुठले औषध चालते याची चर्चा हवेतच राहते.

म्युनिकचे एन्झाइम, दिल्लीचा नमुना

सेफ्ट्रायॲक्सोनच्या खऱ्या शत्रूचे नाव सीटीएक्स-एम. नावातला ‘एम’ जर्मनीतल्या म्युनिकचा. १९८९ च्या सुमारास हे एन्झाइम तिथे ओळखले गेले. त्याच्या घराण्यातला जगभर सर्वाधिक पसरलेला सदस्य म्हणजे सीटीएक्स-एम-१५. त्याचे पहिले वर्णन १९९९ मध्ये दिल्लीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून झाले. पुढे दुसऱ्या एका एन्झाइमला नवी दिल्लीचे नाव दिले गेले, त्यावरून २०१० मध्ये केवढा गदारोळ झाला होता. सीटीएक्स-एम-१५ मात्र बिनबोभाट जगभर गेले.

ही एन्झाइमे ई. कोलाय आणि क्लेबसिएला या जंतूंत घर करतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या इस्पितळांतून दरवर्षी आकडे येतात. त्यांत या दोन जंतूंचे बहुसंख्य नमुने तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांना दाद देत नाहीत. हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. मोठ्या इस्पितळात पोचणारा रुग्ण आधी दोन ठिकाणी औषधे घेऊन आलेला असतो. गावातल्या साध्या मूत्रसंसर्गाचे चित्र त्याहून बरे असू शकते. पण गावात कल्चर होतच नाही, त्यामुळे ते चित्र पुरते कुणी पाहिलेले नाही.

असा जंतू रक्तात सापडला तर काय द्यावे, यावर २०१८ मध्ये मेरिनो नावाने ओळखला जाणारा अभ्यास आला. सेफ्ट्रायॲक्सोनला न जुमानणाऱ्या जंतूंच्या ३९१ रुग्णांत पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम यांची तुलना झाली. तीस दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात १२.३ टक्के, दुसऱ्यात ३.७ टक्के. मृत्यूंच्या कारणांवरून आणि प्रयोगशाळेतल्या मोजणीवरून पुढे बरीच चर्चा झाली, तरी गंभीर रुग्णासाठी मेरोपेनेम हाच कौल टिकून आहे. अडचण उघड आहे. सेफ्ट्रायॲक्सोनची जागा मेरोपेनेमने घेतली की मेरोपेनेमला न जुमानणारे जंतू वाढतात.

या पेचावर भारतीय बाजाराने स्वतःचा तोडगा काढला. सेफ्ट्रायॲक्सोन आणि सल्बॅक्टम, सेफ्ट्रायॲक्सोन आणि टॅझोबॅक्टम, एवढेच काय सल्बॅक्टमच्या जोडीला ईडीटीए घातलेलेही इंजेक्शन इथे मिळते. पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की सल्बॅक्टम सीटीएक्स-एमला गुंतवून ठेवते, सेफ्ट्रायॲक्सोन मोकळेपणी काम करते आणि मेरोपेनेम वाचते. टीकाकार घड्याळाकडे बोट दाखवतात. सल्बॅक्टम तासाभरात निम्मे होते, सेफ्ट्रायॲक्सोन सहा-नऊ तास टिकते. म्हणजे दिवसाचा बराच वेळ ढाल गळून पडलेली आणि योद्धा उघडा. या जोड्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत नाहीत, आणि मेरिनोच्या तोडीचा मोठा अभ्यास त्यांच्या पाठीशी नाही. प्रयोगशाळेत गुणकारी दिसणे आणि रुग्ण वाचणे यांतले अंतर इथे अजून कुणी भरून काढलेले नाही.

एक ग्रॅम की दोन, सात दिवस की चौदा

डोसच्या वादात मुख्य पक्ष दोन. न्यूमोनियात एक ग्रॅम आणि दोन ग्रॅम यांचे निकाल सारखेच येतात असे एकत्रित विश्लेषणे सांगतात, म्हणून कमी तेच बरे, हा पहिला पक्ष. दुसरा अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांचा. गंभीर रुग्णाचे अल्ब्युमिन घसरलेले असते, मग औषध चिकटायला जागा उरत नाही, ते लवकर बाहेर पडते आणि एक ग्रॅम अपुरा पडण्याची शक्यता असते. दोघेही आपापल्या रुग्णांबाबत बरोबर असावेत.

दिवसांबाबत मात्र वारे एकाच दिशेने वाहते आहे. रक्तातल्या जंतुसंसर्गात सात दिवस आणि चौदा दिवस यांची तुलना करणारा बॅलन्स अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३,६०८ रुग्ण, सात दिवस कमी पडले नाहीत. त्यात औषधे अनेक होती, सेफ्ट्रायॲक्सोन त्यांतले एक. त्याच वर्षी फ्रान्समधून आलेल्या अभ्यासात मेंदूला इजा होऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांना सुरुवातीलाच सेफ्ट्रायॲक्सोनचा एक, एकच, डोस दिला गेला. लवकर होणारा न्यूमोनिया ३२ टक्क्यांवरून १४ वर आला. ज्या इस्पितळांत न जुमानणारे जंतू आधीच ठाण मांडून आहेत तिथे हा निकाल तसाच लागू पडेल का, हे आपल्याकडे तपासून पाहायला हवे.

धोके, काही खरे, काही फुगवलेले

नवजात बाळांबाबत मतभेद नाहीत. सेफ्ट्रायॲक्सोन अल्ब्युमिनवरून बिलिरुबिनला ढकलून देते, त्यामुळे कावीळ असलेल्या बाळाच्या मेंदूला धोका पोचू शकतो. दुसरा धोका कॅल्शियमचा. दोन्ही एकत्र आले की खडे बनतात. दगावलेल्या नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि किडनीत असे खडे सापडल्यावर २००७ मध्ये अमेरिकेत इशारा निघाला. २००९ मध्ये तो थोडा सैल झाला. अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रायॲक्सोन द्यायचेच नाही; मोठ्यांत, मधे नळी नीट धुऊन, एकामागून एक देता येते. रिंगर लॅक्टेटमध्येही कॅल्शियम असते, म्हणून त्यात हे इंजेक्शन मिसळायचे नाही. हे वाक्य प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

पित्ताशयात साचणारा गाळ अल्ट्रासाउंडवर खड्यांसारखा दिसतो आणि औषध थांबले की सहसा विरघळून जातो. हे ठाऊक नसेल तर एखाद्या मुलाच्या ऑपरेशनची तयारीही सुरू होऊ शकते. स्नायूत द्यायचे इंजेक्शन फार दुखते म्हणून ते लिग्नोकेनमध्ये मिसळतात; ते मिश्रण चुकूनही शिरेत जाऊ नये. किडनी पार बिघडलेल्या वृद्धात क्वचित भ्रम किंवा झटके दिसतात.

पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या दहांपैकी एकाला सेफॅलोस्पोरिनचीही ॲलर्जी असते, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. तो आकडा जुन्या, पेनिसिलिनचा अंश मिसळलेल्या औषधांवरून आला होता. तिसऱ्या पिढीत तो एक-दोन टक्क्यांच्या आत असल्याचे आता मानतात, कारण ॲलर्जी मुख्यतः शेपटावर अवलंबून असते. म्हणून ज्याला सेफ्ट्रायॲक्सोनचीच ॲलर्जी आहे त्याला त्याच शेपटाचे सेफोटॅक्झिम टाळावे लागते. आपल्याकडे प्रत्येकाला आधी कातडीत ‘टेस्ट डोस’ टोचण्याची पद्धत आहे. ती भविष्य सांगण्यात कच्ची आहे, असे ॲलर्जीतज्ज्ञ म्हणतात. चीनने २०२१ मध्ये सेफॅलोस्पोरिनसाठीची अशी सरसकट चाचणी सोडून दिली. पण गावातल्या डॉक्टरला उद्या काही झाले तर ‘टेस्ट केली नव्हती’ हे वाक्य ऐकायचे नसते, आणि ती भीती अभ्यासांनी जात नाही.

पित्तावाटे आतड्यात उतरणारे हे औषध पोटातल्या जंतूंची घडी विस्कटते, ही शंकाही रास्त आहे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा जुलाब त्यातूनच उद्भवतो. मात्र निरोगी स्वयंसेवकांवरच्या तुलनेत या बाबतीत सेफोटॅक्झिम आणि सेफ्ट्रायॲक्सोन सारखेच निघाले, त्यामुळे नुसते औषध बदलून हा प्रश्न सुटेल असे दिसत नाही.

एक आडवाट. २००५ मध्ये १,०४० मान्यताप्राप्त औषधे चाळताना अमेरिकेतल्या संशोधकांना आढळले, की सेफ्ट्रायॲक्सोन मेंदूतला ग्लुटामेट आवरण्याची क्षमता वाढवते. एएलएस या असाध्य आजारात आशा पालवली. उंदरांत फायदा दिसला, माणसांतल्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मजल गेली आणि २०१४ मध्ये उत्तर नकारार्थी आले.

कायद्याची चौकट

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले. सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. सेफ्ट्रायॲक्सोन दुसऱ्या गटात आहे, सेफाझोलिन पहिल्यात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात, २०३० पर्यंत माणसांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी निदान ७० टक्के पहिल्या गटातली असावीत असे ठरले. भारतात मार्च २०१४ पासून सेफ्ट्रायॲक्सोन एच-१ अनुसूचीत आहे. लेबलवर लाल चौकटीतला इशारा, चिठ्ठीशिवाय विक्री नाही, डॉक्टर आणि रुग्णाच्या नावाची वेगळी नोंद आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची.

नियम कडक करावेत असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्ह्याचे इस्पितळ दोन तासांवर आहे, तिथे मेनिंजायटिसच्या मुलाला पहिला डोस तिथेच मिळाला पाहिजे, आणि अशा ठिकाणी इतके सोपे दुसरे औषध नाही. आवरायचा वापर आणि वाढवायचा वापर, दोन्ही याच देशात, कधी एकाच तालुक्यात आहेत. यावर एकच नियम सुचवणाऱ्या कुणाचेही म्हणणे मला पुरते पटलेले नाही.

एवढ्या वादांत एका गोष्टीवर सगळे पक्ष एकत्र येतात. हे औषध जंतूंचा माग फार चटकन पुसून टाकते. मेनिंगोकॉकस तर पहिल्या डोसनंतर दोन तासांच्या आत पाठीच्या पाण्यातल्या कल्चरमधून नाहीसा होतो. जीव धोक्यात असेल तर पाठीच्या पाण्यासाठी इंजेक्शन अडवून ठेवायचे नसते, पण रक्ताचा नमुना घ्यायला पाच मिनिटे पुरतात. घरचे कुणी तापाने दाखल असेल आणि सिस्टर ही वायल घेऊन आली, तर ‘कल्चरला रक्त पाठवलंय ना?’ एवढे जरूर विचारा.